दोन फळं, पावणेतीन वर्षं

बहिष्कार म्हटलं की आपल्या बायकांच्या मनात आधी दुकान येत नाही, माणूस येतं. अमक्या घराला समाजाने वाळीत टाकलं, त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जायचं नाही, त्यांच्या पंगतीला बसायचं नाही, त्यांची मुलगी करायची नाही. अशा गोष्टी आज्या-पणज्यांनी दबक्या आवाजात सांगितलेल्या आपण ऐकल्या आहेत. ज्यांच्या वाट्याला हे पिढ्यान् पिढ्या आलं, त्यांच्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली पाक्षिक काढलं, त्याचं नावच ‘बहिष्कृत भारत’ होतं. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला, म्हणजे ही गोष्ट काही फार जुनी झालेली नाही.

हा झाला पुष्कळांनी मिळून एकट्यावर टाकलेला बहिष्कार. पण याच शब्दाने आपण दुसऱ्याही एका गोष्टीला ओळखतो. तिथे दुबळी माणसं एकत्र येऊन बलवानाला म्हणतात, तुझ्याशी आम्ही व्यवहार करणार नाही. दोन्हींना नाव एकच, पण एक वरून खाली येतो आणि दुसरा खालून वर जातो. या लेखात मला दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे. दुकानाशी, व्यापाराशी आणि आपल्या हातातल्या पिशवीशी त्याचाच संबंध आहे.

इंग्रजीतला ‘बॉयकॉट’ हा शब्द या दुसऱ्या जातीचा. तो एका माणसाचं आडनाव आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी होता. पीक नीट आलं नव्हतं, कुळं खंडात सूट मागत होती, आणि हा त्यांना जमिनीवरून हुसकून लावण्याच्या नोटिसा काढत होता. १८८० च्या सप्टेंबरमध्ये पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने एका सभेत सांगितलं की अशा माणसाला हात लावू नका, त्याला नुसतं एकटं पाडा. त्याप्रमाणे बॉयकॉटच्या शेतावरचे मजूर गेले, घरातले नोकर गेले, दुकानदार त्याला सामान देईनात. शेवटी त्याचं उभं पीक काढायला बाहेरून मजूर आणावे लागले आणि त्यांच्या राखणीला सैन्य. खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. वर्ष संपायच्या आत कॅप्टनसाहेब आयर्लंड सोडून गेले, आणि त्यांचं आडनाव जगभर राहिलं.

शब्द १८८० चा असला तरी रीत त्याहून जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी बायका आहेत, त्याही स्वयंपाकघरातल्या.

१७९१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव फेटाळला. तेव्हा बायकांना मत नव्हतं, पार्लमेंटमध्ये जागा असणं तर दूरच. पण चहात साखर किती घालायची, हे त्यांच्या हातात होतं. ती साखर यायची वेस्ट इंडीजच्या बेटांवरून, आणि तिथे उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं मरेपर्यंत राबत होती. विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थाने त्याच वर्षी एक लहानशी पुस्तिका काढली. तिच्यात त्याने चक्क घरखर्चाचा हिशेब मांडला. आठवड्याला पाच पौंड साखर लागणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती साखर आणि तिच्यापासून होणारी रम सोडली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मरणातून वाचेल. हिशेब बिनचूक होता की नाही, हा वेगळा प्रश्न. पण त्याने साखरेचा चमचा आणि समुद्रापलीकडचा मळा एका ओळीत आणून ठेवले. या चळवळीतले एक मोठे कार्यकर्ते थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणे तीन लाखांच्या आसपास माणसांनी ती साखर सोडली.

पुढे १८२४ मध्ये लेस्टर गावच्या एलिझाबेथ हेरिक या बाईंनी हे काम पुन्हा हाती घेतलं. गुलामगिरी हळूहळू बंद करू, असं मोठमोठे पुरुष म्हणत होते. या बाईंनी लिहिलं की हळूहळू नको, ताबडतोब. आणि लिहून त्या थांबल्या नाहीत. मैत्रिणींना बरोबर घेऊन त्या दारोदार गेल्या आणि वेस्ट इंडीजची साखर घेऊ नका, म्हणून घरातल्या बायकांना सांगू लागल्या. वाण्यांनाही त्यांनी सोडलं नाही. बायकांनी असं घरोघर फिरावं, हे चळवळीचे पुढारी विल्बरफोर्स यांना फारसं रुचलं नव्हतं. १८३३ साली ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला. हेरिकबाई त्याच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या.

या गोष्टीत आपल्याला टोचणारं एक टोक आहे. गुलामांच्या हातची साखर नको म्हणणाऱ्या घरांसाठी पर्याय म्हणून विकली जायची ती ईस्ट इंडियाची, म्हणजे आपल्याकडची साखर. ही साखर गुलामांनी केलेली नाही, अशी अक्षरं असलेली साखरेची भांडी तिकडे मिळत असत. त्याच काळात इथे कंपनीचं राज्य होतं आणि आपल्या शेतकऱ्याची काय दशा होती, ते आपण शाळेतच शिकलो आहोत. ज्या बाईने टेबलावर ते भांडं ठेवलं, तिचा हेतू शुद्ध होता. पण एक माल सोडून दुसरा घेतला की हात स्वच्छ झाले, असं होत नाही. दुसऱ्या मालामागेही कुणाचे तरी हात असतातच.

आता बटाट्याची गोष्ट सांगते. आपल्या समाजातल्या बायकांना ती विशेष लागेल, कारण बटाटा सोडणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य होतं आणि काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात फिरायला पास जवळ ठेवावा लागे. पास नसला की अटक. बेथल नावाच्या भागात गोऱ्या शेतकऱ्यांची बटाट्याची मोठमोठी शेतं होती. पासच्या गुन्ह्यात पकडलेली माणसं तिथे मजुरीला पाठवली जात. अंगात कपड्यांच्या जागी गोणपाट, जमीन उकरायला उघडी बोटं, आणि वर मारहाण. गर्ट सिबांडे या शेतमजुरांच्या पुढाऱ्याने आणि काही धाडसी पत्रकारांनी हे उजेडात आणलं. १९५९ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने लोकांना सांगितलं, बटाटा खाऊ नका. बटाटा म्हणजे गरिबाचं स्वस्त, पोटभरीचं अन्न. ज्यांच्याकडे सोडण्यासारखं फार काही नव्हतं, त्यांनी तो काही महिने सोडला.

आपण बटाटा सोडतो तो जमिनीतल्या जिवांसाठी. त्यांनी सोडला तो जमीन उकरणाऱ्या माणसासाठी. आपला त्याग मोठा की त्यांचा, असं मला म्हणायचं नाही, मोजमाप करणारी मी कोण? पण ‘त्याग’ आणि ‘बहिष्कार’ यांतला फरक मला या एका बटाट्याने समजावला. त्याग करताना माणूस स्वतःच्या आत्म्याकडे बघतो. तो एकट्याने करता येतो, गुपचूप करता येतो, किंबहुना गुपचूप केलेलाच बरा. बहिष्कारात बघायचं असतं दुसऱ्याच्या हाताकडे. तो एकट्याने करून भागत नाही आणि गुपचूप तर मुळीच नाही, कारण ज्याच्याविरुद्ध आहे त्याला तो कळला पाहिजे.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या बाहेरही हाक गेली. आमच्या देशाचा माल घेऊ नका, असं अल्बर्ट लुथुली आणि त्यांचे सहकारी सांगू लागले, आणि लंडनमध्ये त्यासाठी चळवळ उभी राहिली. भारताने तर त्याआधीच, १९४६ साली, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला होता. असं करणारा भारत पहिला देश. तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांवर जमिनीबाबतचा जाचक कायदा लादला गेला, ते त्याला निमित्त झालं होतं.

हे सगळं मनात ठेवून आता डब्लिनला चलू. बॉयकॉटच्या त्याच आयर्लंडमध्ये, शंभर वर्षांनंतर.

डब्लिनच्या हेन्री स्ट्रीटवर डन्स स्टोअर्स या मोठ्या सुपरमार्केटची शाखा आहे. या कंपनीची दुकानं आयर्लंडभर आहेत. १९८४ साली तिथल्या दुकान-कामगारांच्या युनियनने अधिवेशनात ठराव केला की सभासदांनी दक्षिण आफ्रिकेचा माल हाताळायचा नाही. ठराव पुष्कळ होतात, आपल्या मंडळांतही होतात, आणि वहीत राहतात. हा वहीत राहिला नाही.

१९ जुलै १९८४. गल्ल्यावर मेरी मॅनिंग नावाची एकवीस वर्षांची मुलगी होती. एका गिऱ्हाईक बाईने बिल करायला दोन ग्रेपफ्रूट पुढे ठेवली. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचं धाकटं भावंड. फळं दक्षिण आफ्रिकेची होती. मेरीने सांगितलं, मी याचं बिल करू शकत नाही. वरिष्ठ आले, त्यांनी विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. तिला कामावरून निलंबित केलं गेलं. दुकानातली युनियनची प्रतिनिधी कॅरन गिअरन, ती मेरीच्याच वयाची. ती आणि तिच्याबरोबर आणखी काही जण काम सोडून बाहेर आले. पुढे सगळे मिळून अकरा झाले, त्यांत बहुतेक मुली.

मेरी काही दक्षिण आफ्रिकेचा अभ्यास करून गल्ल्यावर बसली नव्हती. त्या वेळी आपल्याला तिथलं फारसं काही माहीत नव्हतं, हे तिने स्वतःच पुढे सांगितलं आहे. युनियनने सांगितलं म्हणून तिने केलं. शिवाय व्यवस्थापनाच्या वागणुकीबद्दल या मुलांच्या मनात आधीपासून राग साचलेला होताच. आठवडा-दोन आठवड्यांत मिटेल, असं त्यांना वाटलं होतं.

मग दुकानाच्या दारातल्या त्यांच्या रांगेत एक म्हातारा काळा गृहस्थ येऊन उभा राहू लागला. त्यांचं नाव निमरॉड सेजाके. दक्षिण आफ्रिकेतले कामगार पुढारी. नेल्सन मंडेलांबरोबर देशद्रोहाच्या खटल्यात आरोपी होते, नंतर देश सोडावा लागला, आणि फिरत फिरत आयर्लंडला आलेले. त्यांनी या मुलींना बसवून सांगितलं की तिथे काय चालतं. काळ्या माणसाने कुठे राहायचं, कुठल्या बाकावर बसायचं, बायको-मुलांपासून किती महिने लांब राहायचं, हे कायदा कसा ठरवतो. फळ कोण तोडतं आणि त्याला काय मिळतं. मुली घरी गेल्या त्या वेगळ्या होऊन गेल्या. त्यानंतर हा संप ठरावासाठी राहिला नाही.

पण दिवस काढायचे होते. युनियनकडून संपाचा भत्ता मिळायचा आठवड्याला एकवीस पौंड. पाऊस, थंडी, आणि येणारी-जाणारी माणसं. काही थांबून चौकशी करायची, पाठ थोपटायची, तिथून सामान न घेता परत जायची. काही शिव्या द्यायची, थुंकायचीसुद्धा. स्वतःच्या देशात लोक बेकार असताना तुम्हाला परक्या काळ्यांचं काय पडलंय, हा प्रश्न तर रोजचा. दुकान चालूच होतं. आत दिवे लागलेले, गल्ले वाजतायत, आणि बाहेर या मुली फलक घेऊन उभ्या. सोबतिणी आत काम करतायत आणि आपण बाहेर, यातलं एकटेपण आपल्याला समजू शकतं.

त्या वर्षीचं शांततेचं नोबेल पारितोषिक दक्षिण आफ्रिकेच्या डेस्मंड टुटू यांना मिळालं. ते घ्यायला जाताना डिसेंबरात ते लंडनला थांबले आणि संपातल्या कामगारांना भेटले. त्यांनी या मुलांना आपल्या देशात येण्याचं निमंत्रण दिलं. १९८५ च्या जुलैमध्ये ती जोहान्सबर्गला गेली, तर विमानतळाबाहेरच जाऊ दिलं नाही. कित्येक तास पहाऱ्यात बसवून ठेवलं आणि आल्या विमानाच्या वाटेने परत पाठवलं. डब्लिनमधल्या दुकानाच्या पोरींची एवढी कसली भीती, असा प्रश्न मग आयर्लंडमध्ये लोकांना पडला आणि वारं फिरलं. ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वर्णभेदविरोधी समितीपुढे त्यांना बोलायला बोलावलं गेलं.

आयर्लंडमध्ये वर्णभेदाविरुद्धची चळवळ वीस वर्षं चालू होती. तिचे संस्थापक कादर अस्माल हे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात कायदा शिकवत. मूळचे नाताळचे, भारतीय वंशाच्या कुटुंबातले. पुढे मंडेलांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. सभा, निवेदनं, अभ्यास हे काम त्या चळवळीने नेटाने केलं होतं. पण सरकारवर शेवटचा जोर आला तो दुकानाच्या दारातून. दक्षिण आफ्रिकेची फळं आणि भाज्या आयर्लंडमध्ये आणण्यावर सरकारने बंदी घातली आणि एप्रिल १९८७ मध्ये संप संपला. दोन फळांवरून सुरू झालेलं भांडण पावणेतीन वर्षं चाललं.

१९९० च्या फेब्रुवारीत मंडेला सुटले आणि त्याच जुलैमध्ये डब्लिनला आले. संपातल्या कामगारांना ते भेटले, आणि तुरुंगात असताना तुमच्या बातमीने मला बळ मिळालं, असं त्यांनी सांगितलं. मेरी मॅनिंगला मात्र संपानंतर डब्लिनमध्ये नोकरी मिळणं कठीण झालं. काही वर्षं तिला ऑस्ट्रेलियाला जाऊन राहावं लागलं.

या गोष्टीतून हात जोडण्यापेक्षा हिशेब घेणं मला जास्त गरजेचं वाटतं. बहिष्काराचा खर्च कुणी भरला?

गिऱ्हाइकाला फारसा पडला नाही. ग्रेपफ्रूट नाही तर दुसरं फळ, हे दुकान नाही तर पलीकडचं. खर्च पडला तो गल्ल्यावरच्या मुलींना. आणि दक्षिण आफ्रिकेत? तुम्ही फळं घेणं बंद केलंत तर आधी मळ्यातला काळा मजूरच उपाशी राहील, असं तेव्हा शहाणी माणसं म्हणायची. म्हणणं खोटं नव्हतं. त्याला उत्तर देण्याचा अधिकार फक्त त्या मजुरांचा आणि त्यांच्या माणसांचा होता, आणि ते त्यांनी दिलं होतं. लुथुलींनी दिलं, टुटूंनी दिलं. हा त्रास आम्ही सोसायला तयार आहोत, तुम्ही माल बंद करा. मला वाटतं, डब्लिनचा बहिष्कार योग्य ठरला तो यामुळे. ज्यांच्या नावाने चालला होता, त्यांनीच तो मागितला होता.

असं नसलं की काय होतं, तेही आपल्या इतिहासात आहे. १९०५ साली बंगालच्या फाळणीविरुद्ध परदेशी कापडावर बहिष्कार पुकारला गेला. पुण्यात त्या दसऱ्याच्या सुमाराला परदेशी कापडाची होळी झाली. लोकमान्यांनी स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला बहिष्कार बसवला. ती देशाला जागं करणारी मोठी चळवळ होती, यात शंका नाही. पण बंगालच्या खेड्यांत देशी कापड विलायतीपेक्षा महाग पडत होतं, आणि लहान दुकानदारांवर, गरीब शेतकऱ्यांवर, त्यात मुसलमान पुष्कळ होते, जबरदस्ती झाली. रवींद्रनाथ आधी चळवळीत होते आणि नंतर याच कारणाने व्यथित होऊन बाजूला झाले. ‘घरे-बाइरे’ ही त्यांची कादंबरी १९१६ मध्ये पुस्तकरूपाने आली, तिच्यात ही वेदना आहे. वर जाणारा बहिष्कार खाली कधी वळतो, ते करणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही.

आजही मोबाइलवर निरोप फिरतात की अमक्यांच्या दुकानातून घेऊ नका, अमक्या फेरीवाल्याला गल्लीत येऊ देऊ नका. त्यात त्या दुकानदाराने केलं काय, हे नसतं, तो कोण आहे एवढंच असतं. नाव बहिष्काराचं, पण ते जुनं वाळीत टाकणंच आहे. माझ्यापुरती मी एक खूण ठरवली आहे. तो काय करतो म्हणून त्याच्याकडून घेऊ नका, असं कुणी सांगितलं तर ऐकायला बसायचं. तो कोण आहे म्हणून घेऊ नका, असं सांगितलं तर निरोप पुढे पाठवायचा नाही.

आता आपल्या घराकडे वळते. मैत्रिणींनो, वस्तू पारखण्यात आपला हात कुणी धरणार नाही. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायची सवय जगाला आत्ता लागतेय, आपण ती कधीपासून पाळतोय. हिरवा ठिपका आहे का, कांदा-लसूण आहे का, जिलेटिन तर नाही ना, तारीख कोणती. दशलक्षण पर्वाच्या आधी तर आपली पिशवी म्हणजे प्रयोगशाळाच. पण पाकिटात काय आहे, हे बघणारी आपली नजर ते भरणाऱ्या आणि विकणाऱ्या हातापर्यंत क्वचित जाते.

खरं तर आपल्या शास्त्राने तिथपर्यंत नजर नेलेली आहे. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवून घेतलेलं आणि केलेल्याला मान्यता दिलेलं, म्हणजे कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींचा दोष आपण मानतो. साखरेच्या पुस्तिकेत फॉक्सने यापेक्षा वेगळं काय सांगितलं होतं? अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरून आणलेला माल घेणं येतं, त्याला ‘तदाहृतादान’ म्हणतात. म्हणजे चोरासाठीच नव्हे, घेणाऱ्यासाठीही नियम आहे. आणि अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आहे, पेलणार नाही इतकं ओझं लादणं. ‘अन्नपाननिरोध’ आहे, खाण्यापिण्याला अडवणं. स्वाध्यायात आपण हे बैलाबद्दल समजावून घेतो. बैल आता दारात राहिला नाही, पण ओझं कुठे संपलंय?

केरळातलं उदाहरण घ्या. कोझिकोडच्या बाजारपेठेत कापडाच्या आणि इतर दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसायला मिळत नसे. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. कित्येक दुकानांत त्यांच्यासाठी संडास नव्हता, म्हणून त्या दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र करून ‘पेन्कूट्ट’ नावाची संघटना उभी केली. आधी संडासासाठी भांडल्या, मग बसण्यासाठी. २०१८ मध्ये केरळ सरकारने कायद्यात दुरुस्ती करून दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. बसायला जागा द्या, हे सांगायला आपल्या देशात कायदा करावा लागला. संडास नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या त्या बायकांचा विचार करा आणि मग ‘अन्नपाननिरोध’ हा शब्द पुन्हा वाचा.

आमच्या बेळगावातल्या एका मोठ्या दुकानात मी हीच गोष्ट बघते. गल्ल्यावरच्या मुली सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या. मंडळाच्या आम्ही काही जणींनी तिथली महिन्याची खरेदी बंद करायची, असं बोलणं काढलं. पण त्याआधी त्या मुलींना विचारू या, असं ठरलं. एकीला बाहेर गाठून विचारलं, तर ती म्हणाली, “काकू, तुम्ही येणं बंद केलंत तर आधी आम्हालाच कमी करतील. तुम्ही येत राहा, पण बोला. आम्ही बोललो तर ऐकत नाहीत, तुम्ही बोललात तर ऐकतील.” म्हणून आम्ही तेच केलं. दर खेपेला बिल देताना प्रत्येकीने मॅनेजरला बोलवायचं आणि विचारायचं, यांना स्टूल का नाही? सतरा जणींनी सह्या करून अर्जही दिला. चौथ्या महिन्यात दोन स्टुलं आली. गल्ले पाच आहेत.

हा बहिष्कार नव्हे, मला माहीत आहे. पण त्या मुलीने जे सांगितलं, ते डब्लिन आणि बेथल इथल्या गोष्टींशी जुळतं. पैसा कधी रोखायचा आणि कधी नुसतं तोंड उघडायचं, हे ठरवायचा पहिला हक्क सोसणाऱ्याचा. आपण गिऱ्हाईक म्हणजे मागे उभं राहणारी माणसं. पुढे उभं राहायची हौस आवरली पाहिजे, आणि मागे उभं राहायची वेळ आली तर घरी बसता कामा नये.

कुठल्याही दुकानावर बहिष्काराची हाक तुमच्या कानावर आली, तर मला वाटतं तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. दुकानाने नक्की केलं काय आणि ते कुणी पडताळून पाहिलंय? ज्यांना त्रास होतोय, त्यांनी हे मागितलंय का? आणि काय झालं म्हणजे आपण पुन्हा त्या दुकानात जाणार? तिसरा प्रश्न लोक विसरतात. साखर सोडणाऱ्या बायकांना कायदा हवा होता. डब्लिनच्या मुलींना आपल्या हातून ती फळं जायला नको होती, आणि शेवटी आयातबंदीचा कायदाच मिळाला. केरळच्या बायकांना बसायला जागा हवी होती. मागणी ठरलेली असली की थांबायचं कुठे, तेही ठरतं. नाहीतर राग राहतो आणि काम होत नाही.

उरलेल्या तीन स्टुलांसाठी पुढच्या महिन्यात दुसरा अर्ज जाणार आहे. या वेळी सह्या वाढतील असं दिसतंय.